गडग्यावरचा काळादाणा: आईंना देण्याआधी हे वाचा

ताई, मालवणच्या घरी गडग्यावर निळ्या फुलांची वेल चढलीय, तिचं बी कुटून आईंना पोट साफ व्हायला किती द्यावं, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि बाबांची ती रात्र डोळ्यांसमोर उभी राहिली. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. आमच्या घरात घडलं तेवढंच सांगतो.

पान तीन टोकांचं, फूल पहाटे निळं आणि उन्हं चढली की गुलाबी पडून मिटणारं, बोंडात तीन कप्पे, आत काळं त्रिकोणी बी. असं असेल तर तो काळादाणा. रेचक म्हणून जुना आहे, पण सौम्य अजिबात नाही. त्यातली राळ आतडं ढवळून काढते.

मी बाबांना सकाळी चमचाभर पूड गुळातून दिली. वजन केलं नाही. दुपारपर्यंत सहा-सात जुलाब झाले, मुरडा थांबेना, आणि मी आपला म्हणतोय, "घाण निघतेय, निघू दे." रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, तीही वेळेवर दिली. रात्री पायांत गोळे आले, उभं राहता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरगुती काही दिलंत?" मी लाजेपोटी "नाही" म्हणालो. जुलाब आणि ती गोळी मिळून रक्तातलं पोटॅशियम उतरलंय हे कळायला सकाळ उजाडली. बाबा सावरले, पण तो "नाही" मला अजून सलतो.

बाबांना देण्याआधी याच वेलीची फांदी घेऊन मी विचारायला एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. फांदी टेबलावर सुकत पडली, कुणी मान वर केली नाही. "अर्ज द्या, फोटो जोडा." दीड महिन्याने कागद आला: "सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही." एवढंच जरी कुणी म्हणालं असतं की जपून हो, तरी मी थांबलो असतो.

माझं मत स्पष्ट आहे: म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला, गोळ्या चालू असलेल्याला हे बी घरच्या घरी देऊच नये. दिलंच असेल तर उरलेलं पुडीत बांधून डॉक्टरांसमोर ठेवा.

किनाऱ्यावरची मर्यादवेल वेगळी, शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली पानं असलेली. तिचा पाला शेकून आम्ही गुडघ्याला बांधतो, मला बरं वाटतं. पण चार पानं खुडा, वेल उपटू नका, तिथली वाळू तिनेच धरून ठेवलीय.

आईंना कुठल्या गोळ्या चालू आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं आधी कळवा.