मुंबईत आठ गाण्यांचा मराठी रॉक अल्बम स्टुडिओत करायचा आहे. किती दिवस लागतील, पैसे कुठे जातात आणि नंतर तो ऐकला जावा म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की चौघांचा बँड आहे, आठ गाणी तयार आहेत, बजेट बेताचं आहे आणि एकच चांगला स्टुडिओ गाठून सगळं तिथेच उरकायचा विचार आहे. यातलं शेवटचं करू नका. मुंबईतले, विशेषतः अंधेरीच्या पट्ट्यातले बरेचसे स्टुडिओ डबिंग, जिंगल आणि गायनासाठी बांधलेले आहेत. बूथ उत्तम असतो, पण ड्रमसेट मावत नाही, मावला तर खोलीचा आवाज मिळत नाही. ड्रम नीट घेता येतील अशा खोल्या मोजक्या आणि महाग. म्हणून महागडी खोली फक्त ड्रम आणि बेससाठी दोन दिवस घ्या. गिटार घरी किंवा छोट्या जागी होतात. गायनासाठी साधा डबिंगचा बूथ अगदी पुरेसा आहे.

दर विचारताना तीन गोष्टी विचारा: शिफ्ट किती तासांची, इंजिनिअर त्यात धरलाय का, आणि १८ टक्के जीएसटी वेगळा का. सेटिंगला लागणारा वेळ तुमच्याच शिफ्टमधून जातो. ड्रमचे माइक लावून आवाज बसेपर्यंत तीनेक तास सहज जातात, म्हणून एका दिवसात चार गाण्यांपेक्षा जास्त धरू नका.

गाणी ‘तयार’ आहेत की नाही याची कसोटी सोपी आहे. प्रत्येक गाण्याचा टेम्पो आकड्यात लिहिलेला हवा, रचना कागदावर हवी, आणि त्याच टेम्पोवर क्लिक (ताल धरणारी टिकटिक), कच्ची गिटार व कच्चा आवाज एवढा ट्रॅक ड्रमरकडे किमान तीन आठवडे आधी हवा. धृवपदात गाणं आपसूक एक-दोन बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) पुढे जात असेल तर ते मारून टाकू नका, टेम्पो मॅपमध्येच (गाण्यात कुठे किती टेम्पो, याच्या नोंदीत) तसं लिहा. कडवं तीन की दोन, सोलो किती मात्रांचा, शेवट कसा, हे वाद जॅमरूममध्ये संपवायचे. स्टुडिओत तो वाद तासाच्या भाड्याने घातला जातो.

ड्रमबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बिघडलेलं पुढे कुणालाच दुरुस्त करता येत नाही. ड्रमवर ताणलेली स्किन सेशनच्या एक-दोन दिवस आधी बदला, स्नेअरची (मुख्य ठोका देणाऱ्या ड्रमची) एक जादा जवळ ठेवा. वरचे दोन ओव्हरहेड माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. डोळ्यांनी नाही, दोरी किंवा माइकची केबल धरून मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे वीतभर फरकानेही स्नेअर पोकळ आणि एका बाजूला सरकलेली वाटते. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) उलटी करून तिचे वरचा आणि खालचा असे दोन्ही माइक एकत्र ऐका. ज्या स्थितीत आवाज जाड येतो ती ठेवा. ड्रमरला एकच सांगा: हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) हलकी, स्नेअर जोरात. बहुतेक जण उलट वाजवतात आणि मग मिक्समध्ये स्नेअर वर आणली की तिच्या माइकमधून हायहॅटही वर येते.

क्लिक हेडफोनमधून गळतो हे लक्षात ठेवा. जोरात वाजताना कळत नाही, पण शेवटची झांज विरत असताना मागे टिकटिक स्पष्ट ऐकू येते. बंद पाठीचे हेडफोन वापरा आणि शेवटच्या ठोक्यावर क्लिक बंद होईल असं सेशनमध्येच लावून ठेवा.

गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदलून ताणून घ्या. मुंबईच्या दमट हवेत आणि घामाने तारा लवकर मरतात. जादा संच आधीच घेऊन ठेवा, कारण भर सेशनमध्ये धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात माणूस पिटाळला तर अर्धी शिफ्ट गेलीच म्हणून समजा. पावसाळ्यात बाहेरून एसी खोलीत आलं की वाद्यं निदान अर्धा तास उघडी ठेवा, मगच सूर लावा. सिंगल कॉइल पिकअपला (गिटारवरचा तारांचा आवाज टिपणारा एक प्रकार) विजेची ५० हर्ट्झची घरघर येते. गिटारवाल्याने बसल्या जागी हळूहळू फिरून जिथे ती सर्वांत कमी होते तिथेच वाजवावं. अँपचा माइक लावलात तरी डीआयचा, म्हणजे गिटारमधून थेट येणारा, सरळ सिग्नल सोबत रेकॉर्ड कराच. टोन फसला तर तो सरळ सिग्नल नंतर अँपमधून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करता येतो.

फायलींचा हिशोब आधीच करा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकचा मिनिटाला सुमारे ८.६ एमबी होतो. १६ ट्रॅक, चार मिनिटांचं गाणं, म्हणजे एका टेकला (सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजवण्याला) साधारण ५५० एमबी. आठ गाणी, प्रत्येकी पाच टेक धरले तर २२ जीबी. दोन हार्ड डिस्क न्या आणि दोन्ही भरल्याशिवाय स्टुडिओ सोडू नका.

आता गायन. माझ्या मते तुमच्या अल्बमचं काय होणार ते इथे ठरतं. मराठी श्रोता भावगीत आणि नाट्यसंगीतावर वाढलेला आहे, त्याला आधी शब्द ऐकायचे असतात. ‘म्युझिक छान आहे, शब्द कळले नाहीत’ ही प्रतिक्रिया मराठी रॉकला नेहमीच येते, आणि ती श्रोत्यांचं अज्ञान म्हणून झटकण्यासारखी नाही. गिटारची धार साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते आणि व्यंजनंही तिथेच ऐकू येतात. गायक गात असेल तेव्हा तेवढा पट्टा गिटारमधून दोन-तीन डेसिबल कमी करा. ‘चूक’, ‘चोर’, ‘जाग’ यांतले दंत्य च-ज आणि स-श माइकवर टोचतात. डी-एसर (असे टोचणारे आवाज दाबणारं साधन) साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये शोधून लावा, पण जास्त दाबला की गायक बोबडा वाटतो. फ, भ, ध यांचा श्वास माइकवर आपटतो, तेव्हा माइकपुढे पॉप फिल्टरची जाळी हवीच आणि माइक तोंडासमोरून किंचित बाजूला. एका बैठकीत तीन तासांपेक्षा जास्त गाऊ नका. चार-पाच पूर्ण टेक घेऊन त्यातून ओळीओळीने निवड करा.

मिक्ससाठी गाण्याला एक दिवस धरा. सुधारणांच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत ते आधी लेखी ठरवा आणि चौघांच्या सूचना एकाच यादीत, एकाच माणसाकडून जाऊ द्या. मिक्स झाल्यावर बोल न वाचलेल्या कुणाला तरी फोनवर एकदा ऐकवा आणि कळेल ते लिहून काढायला सांगा. धृवपद चुकलं तर गायकाचा आवाज एक डेसिबल वर घ्या. इंजिनिअरकडून गायकाचा ‘आवाज वर’ केलेलं मिक्स आणि बिनआवाजाचं (फक्त वाद्यांचं) मिक्स वेगळं मागा, त्याच बैठकीत दोन्ही काढायला फारसा वेळ लागत नाही. मास्टरिंगला (मिक्सवरचा शेवटचा हात) ‘सगळ्यांपेक्षा मोठा आवाज’ मागू नका. स्पॉटिफाय गाणी साधारण −१४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा जाणवतो याचं माप) आणून वाजवतं, जास्त दाबलेलं गाणं तिथे फक्त चपटं वाटतं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण अल्बम बाहेर जायच्या आधीच उरका. कोणत्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, हे एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. बाहेरून व्हायोलिन किंवा ढोलकीवाला बोलावलात तर त्याची लेखी संमती घ्या. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हावं. आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळखक्रमांक) डिस्ट्रिब्युटर (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) देतो, तो कोड जपून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच कोड द्यायचा, नाहीतर जमलेले आकडे शून्यावर येऊ शकतात.

प्रकाशनाला घाई नको. डिस्ट्रिब्युटरकडे महिनाभर आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना प्लेलिस्टसाठी गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं आणि एका वेळी एकच अप्रकाशित गाणं सुचवता येतं. म्हणून आधी दोन-तीन गाणी सुटी काढा, मग अल्बम. वर्षभरात हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे रॉयल्टी मिळत नाही, त्यामुळे आठ गाण्यांवर पैसे येतील असं गृहीत धरू नका. बँडच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि तेच नाव दुसऱ्या कुणाचं नाही ना ते शोधून बघा.

संगीताबद्दल लिहिणाऱ्यांना अल्बमची खासगी लिंक तीन-चार आठवडे आधी पाठवा. सोबत एक पानाची माहिती, दोन चांगले फोटो आणि देवनागरीतले पूर्ण बोल. आलेल्या प्रतिक्रियांमध्ये प्लेच्या आकड्यापेक्षा किती जणांनी गाणं सेव्ह केलं ते बघा, नातेवाईक प्ले करतात पण सेव्ह करत नाहीत. लाँचचा कार्यक्रम छोट्या जागी ठेवा. दीडशे माणसांची खोली भरलेली दिसते, पाचशेची अर्धी रिकामी.

आणि ते बिनआवाजाचं मिक्स मागायला विसरू नका. मालिका, जाहिरात किंवा लघुपटवाला विचारतो तेव्हा त्याला ते त्याच दिवशी हवं असतं, आणि तोवर इंजिनिअरने जुनं सेशन डिस्कवरून काढून टाकलेलं असू शकतं.