सकाळचे सहा आणि करंगळी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला गेटावर ड्यूटी लागली आणि कमरेला पिस्तूल आलं, हे तुझ्या आईकडून कळलं. तिला अभिमान वाटतोय, मला थोडी काळजी. बंगळूरच्या मिलिटरी पोलीस सेंटरमध्ये उस्तादांनी सगळं घोटून घेतलं असणार, ते परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते गार्डबदलीच्या दहा मिनिटांबद्दल.

रायफलीचं तोंड कुठे आहे ते लांबूनही दिसतं. पिस्तुलाचं तसं नाही. मनगट जरासं वळलं की ते शेजाऱ्याच्या पोटाकडे बघायला लागतं.

आपलं 9 एमएम 1ए पिस्तूल ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं. मॅगझीनमध्ये 13 राउंड, म्हणजे गोळ्या. या घराण्याची एक खोड आहे: मॅगझीन काढलं की ट्रिगर दाबूनही घोडा, म्हणजे मागचा हॅमर, पडत नाही. बनवणाऱ्याने ती सेफ्टी म्हणून ठेवली. पण शस्त्र कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा करताना घोडा उतरवावा लागतो, म्हणजे मॅगझीन पुन्हा आत घालून ट्रिगर दाबायचा. घोळ होतो तो इथे.

माझा झाला. नोकरीची नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे नवखा होतो असं म्हणायची सोय नाही. आमच्या त्या पोस्टवर चेंबर भरून, म्हणजे नळीच्या मागच्या घरात राउंड तयार ठेवून, ड्यूटी करायचा हुकूम होता. सकाळचे सहा, रात्रभरचं जागरण, चहाची किटली नुकतीच आलेली. मी आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढली आणि मॅगझीन नंतर काढलं. स्लाइड ओढताना एक राउंड उडाला, फरशीवर वाजत खाटेखाली गेला. तो काढायला मी वाकलो आणि क्रम तुटला. राउंड बाहेर आला म्हणजे चेंबर रिकामं, असं डोक्यात पक्कं बसलं. मॅगझीन आत असल्यामुळे परतणाऱ्या स्लाइडने पुढचा राउंड आत ढकलला होता, हे सुचलंच नाही. रिकामं मॅगझीन घातलं, ट्रिगर दाबला.

गोळी वाळूच्या पेटीत गेली. तोंड पेटीकडे होतं ते सवयीने, अकलेने नव्हे. माझ्या डाव्या बाजूला एक पोरगा चहाचा मग धरून उभा होता. त्याचा मग तसाच हातात, चहा सगळा बुटांवर.

म्हणून आधी मॅगझीन काढ, खिशात घाल. मग स्लाइड ओढून मागे अडकव, चेंबरमध्ये बघ आणि करंगळी घाल. दिवसाही घाल, कारण पेंगुळलेला डोळा त्याला हवं तेच बघतो. राउंड खाली पडला तर पडू दे, सगळं झाल्यावर उचल. मधे कोणी हाक मारली तर पहिल्यापासून सुरू कर. हसतात लोक, हसू देत. कोणी हातात देताना 'खाली है' म्हणालं तरी तुझी करंगळी गेलीच पाहिजे, मग देणारा सुभेदारसाहेब का असेना.

गेटाचा अडसर ओढायचा असेल तेव्हा पिस्तूल होल्स्टरमध्येच हवं. एक मूठ आवळली की दुसरीही आपोआप आवळते. हातातून निसटलंच तर झेलायला जाऊ नकोस. झेलणारं बोट नेमकं ट्रिगरमध्ये शिरतं. आणि सेल्फीसाठी ते बाहेर काढणारे बहाद्दर भेटतील, त्यांच्यापासून चार हात लांब.

इतकं करूनही कधी गोळी सुटलीच, तर त्याच मिनिटाला गार्ड कमांडरला सांग. माझ्या वेळी एकाने कानात सांगितलं होतं, खोका, म्हणजे सुटलेल्या गोळीची रिकामी पुंगळी, उचल, एक राउंड कुठून तरी जुळवतो. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. नाही जुळवला. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली, आर्मी ॲक्टचं शिस्तभंगाचं कलम 63 लागलं, शिक्षा भोगली. ती रास्तच होती.

तो चहावाला पोरगा पुढे हवालदार होऊन निवृत्त झाला. दर दिवाळीला त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: उस्ताद, चहा झाला का?

गणपतीला सुट्टी मिळाली तर घरी ये. काकू वाट बघतेय.

तुझा,
सुभेदारकाका