मिररलेस कॅमेऱ्याचं डायल फिरवलं की शटर स्पीड मागेपुढे उड्या मारतो, काय करू?

म्हणजे एक क्लिक फिरवलं की १/२५० वरून १/३२० व्हायच्या ऐवजी परत १/२०० वर येतंय, असंच ना? माझंही सेम झालेलं. आधी मेनूत डायलची दिशा उलटी झालेली नाहीये ना ते बघा, रिसेट मारून बघा. तरी तेच होत असेल तर बहुतेक डायलखालच्या एन्कोडरच्या (डायल कुठे आणि किती फिरलं ते ओळखणारा भाग) कॉन्टॅक्टवर धूळ किंवा ऑक्साइड बसलंय. बॅटरी काढा, ब्लोअरने कडेकडेने हवा मारा आणि डायल दोन्हीकडे ५०-६० वेळा गरागरा फिरवा, येडपट वाटतं पण माझं त्यानंच सुटलं. क्लीनरचा स्प्रे डायरेक्ट मारू नका हां, आत जाऊन भलतंच काहीतरी बिघडेल. वॉरंटीत असेल तर उघडायच्या भानगडीतच पडू नका, सरळ सर्व्हिसला द्या, तोवर शटर स्पीड दुसऱ्या डायलवर असाइन करून काम चालवा.