वाचकांचे प्रश्न : नाथ मूळचे बौद्ध का?

प्रश्न : आमच्या घरात त्र्यंबकची, निवृत्तिनाथांची पौषवारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. भाचा पुण्यात इतिहास शिकतो. परवा जेवताना म्हणाला, ‘मामा, तुमचा नाथपंथ मूळचा बौद्ध. आता सिद्धच झालंय.’ ताटावरच वाद पेटला. खरं काय? – एक वारकरी, पंचवटी

उत्तर : माउली, भाच्यानं वाचलंय नीट, पण निकाल घाईनं दिलाय.

‘अमृतसिद्धी’ नावाचा अकराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे. महामुद्रा, महाबंध, महावेध या साधना, म्हणजे हठयोगाचा गाभा, पहिल्यांदा तिथं सापडतो. जेम्स मॅलिन्सन आणि पेटर-दानियेल सांतो या अभ्यासकांनी २०२१ मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती काढली आणि तो वज्रयानी, म्हणजे तांत्रिक वळणाच्या बौद्धांमध्ये तयार झाल्याचं दाखवलं. त्यातले श्लोक पुढं हठयोगाच्या गाजलेल्या ‘हठप्रदीपिके’त आले. म्हणजे विद्या बौद्धांकडून आली, इतकं मान्य करायला हरकत नाही. पण विद्या आली म्हणून पंथच तिकडचा, असं होत नाही. भाच्याला विचारा, तू साधनेबद्दल बोलतोयस की संप्रदायाबद्दल?

त्याची बाजू खरी भक्कम होते ती मंगळुरातल्या कदरीत. तिथल्या मंजुनाथ मंदिरात लोकेश्वराची (बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची) तीन मुखांची, सहा हातांची धातूची मूर्ती आहे. आळुप राजा कुंदवर्मानं ती इ. स. ९६८ मध्ये ‘कदरिका विहारा’त बसवली, असं तिच्यावरचा लेखच सांगतो. लोकेश्वर आणि विहार, दोन्ही बौद्धांचेच. आणि शेजारी आज नाथांचा मठ!

आता गंमत बघा. त्या मठाचा ‘राजा’, म्हणजे मठाधिपती, निवडतात आपल्या त्र्यंबकला, सिंहस्थात. मग नागपंचमीला जोग्यांची झुंडी, म्हणजे जथा, पायी निघते आणि महाशिवरात्रीच्या सुमारास कदरीला पोचते. २०१५ ची मी पाहिलीय. लोक जटांचे फोटो काढत होते, मी कान बघत होतो. पाळीला नव्हे, मधल्या कूर्चेलाच मोठी चीर आणि तिच्यात जाड कुंडल. गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्याला बोटभर शिंगी. वडीलधारा जोगी दिसला की आधी ती फुंकायची, मग ‘आदेश’ म्हणून नमस्कार. २०२७ ला सवड काढून बघाच. शाही स्नानाची रेटारेटी टाळलीत तरी चालेल.

आणि निवृत्तिनाथांचं म्हणाल, तर ज्ञानोबांनी १२९० च्या ज्ञानेश्वरीत अठराव्या अध्यायात परंपरा स्वच्छ सांगितलीय : आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. सहाव्यात कुंडलिनीचं वर्णन इतकं बारकाईनं केलंय की कीर्तनकार बहुतेक वेळा ते उरकूनच पुढं जातात. वारकऱ्यांनी कुंडलं सोडली, गुरू सोडले नाहीत. भाच्याला सहावा अध्याय वाचायला लावा. तुम्हीही वाचा.

प्रश्न : नाथांवर प्रदर्शनं होतात असं ऐकते. आपल्याला कुठं बघता येईल? – सिन्नर

उत्तर : सर्वांत देखणं म्हणजे जोधपूरच्या राजचित्रांचं, २००८ मध्ये वॉशिंग्टनला आणि पुढं लंडनला झालेलं. जोधपूरचा राजा मानसिंग जालंधरनाथांचा भक्त. त्याच्यासाठी १८२३ मध्ये बुलाकीनं रंगवलेल्या चित्रात पहिला चौकोन नुसता सोन्याचा, कोराच. निर्गुण दाखवायचं तर आणखी काय काढणार? तो संग्रह मेहरानगड संग्रहालयाचा. जोधपूरला गेलात तर तिथल्या दालनांना वेळ ठेवा.

पण बाई, दापोली तालुक्यातलं पन्हाळेकाजी आधी बघा. कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत. वज्रयान्यांचा अक्षोभ्य बुद्ध आणि मागाहून आलेले नाथसिद्ध एकाच कातळात भेटतात. वरच्या भाच्यालाही सोबत नेलं तर बरं. पाऊस सरल्यावर जा, आत अंधार असतो, बॅटरी जवळ ठेवा.