युद्धाचे व्हिडिओ कसे पडताळावेत? : वाचकांची प्रश्नोत्तरे

मे 2025 मधील भारत-पाकिस्तान संघर्षापासून अमुक व्हिडिओ खरा की खोटा, असे विचारणारी पत्रे थांबलेली नाहीत. वास्तविक तो कुठला आणि केव्हाचा, हे आधी विचारायला हवे. हजीरा बंदरावरील हल्ला म्हणून फिरलेला व्हिडिओ बनावट नव्हता. तो 7 जुलै 2021 चा, तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा होता, आणि तसा खुलासा पत्र सूचना कार्यालयाला करावा लागला.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ केव्हा चित्रित झाला, हे फाइलवरून कळते का?

उत्तर : नाही. फाइलवर दिसते ती बहुधा तुमच्या फोनमध्ये उतरल्याची तारीख असते.

प्रश्न : व्हिडिओतले चित्र शोधयंत्रात टाकून पाहिले, या प्रतिमा-शोधात जुने काहीच सापडले नाही. व्हिडिओ ताजा मानावा का?

उत्तर : मानू नये. शोधयंत्राला ते चित्र सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग जागा आणि काळ दृश्यावरूनच शोधावे लागतात. कॅमेरूनमध्ये सैनिकांनी दोन महिला व दोन मुलांना गोळ्या घातल्याचा व्हिडिओ जुलै 2018 मध्ये पसरला, तेव्हा तिथल्या सरकारने तो खोटा ठरवून टाकला होता. बीबीसीच्या पत्रकारांनी मागची डोंगररांग उपग्रहचित्रांशी जुळवून जागा शोधली आणि सावल्यांच्या कोनांवरून काळ 20 मार्च ते 5 एप्रिल 2015 इतका आवळत आणला. तुमची जुळणी पहिल्याच बैठकीत झाली, तर तिथला भूगोल आणि भाषा जाणणाऱ्याला दाखवल्यावाचून ती पुढे पाठवू नका.

प्रश्न : नासाच्या आगीच्या नकाशावर सीमेलगत लाल ठिपके दिसले. ते बॉम्बहल्ले आहेत का?

उत्तर : तो नकाशा उष्णता नोंदवतो, तिचे कारण सांगत नाही. मे महिन्यात पंजाबात गव्हाची धसकटेही जाळली जातात, आणि एकेक ठिपका सुमारे 375 मीटर रुंदीच्या चौकोनासाठी असतो. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची आधीची व नंतरची मोफत चित्रे ताडून पाहा. त्यांत 10 मीटरपर्यंतचा तपशील मिळतो, मात्र ढग असल्यास काहीच दिसत नाही. निष्कर्ष उपग्रहचित्रांच्या जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले व्हिडिओ ओळखणारे अॅप पैसे भरून घेतले आहे. त्यावर विसंबावे का?

उत्तर : पैसे परत मिळत असतील तर घ्यावेत. वेगवेगळ्या माध्यमांवरून फिरताना दर्जा घसरलेल्या व्हिडिओवर अॅपने दाखवलेली टक्केवारी हा पुरावा नव्हे.

प्रश्न : भाचा 2022 मध्ये युक्रेनमधील खार्किवला वैद्यकीय शिक्षण घेत होता. तेव्हाच्या गोळीबाराचे व्हिडिओ त्याच्या जुन्या फोनमध्ये आहेत. ते समाजमाध्यमावर टाकून फोन रिकामा केला तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही, आणि इतकी वर्षे ते एकाच फोनमध्ये पडून राहिले, हेही बरे झाले नाही. समाजमाध्यम हे कुणाचे अभिलेखागार नव्हे : 2017 मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत सीरियातील युद्धाचे असंख्य व्हिडिओ काढले गेले, आणि त्यांत अत्याचारांचे पुरावेही होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील कमांडर महमूद अल-वेर्फल्ली याच्याविरुद्ध काढलेले अटक वॉरंट मुख्यतः समाजमाध्यमांवरील व्हिडिओंवर आधारलेले होते. ते व्हिडिओ कुणी वेळेत उतरवून ठेवले नसते, तर न्यायालयापुढे काय ठेवले असते? मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. ती कापू नका, तिच्यावर मजकूर किंवा संगीत चढवू नका, ती व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाही पाठवू नका. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा, प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, काढून लिहून ठेवा, आणि कुठल्या रस्त्यावर, कुठल्या खिडकीतून, किती वाजता चित्रित केले, हे भाच्याला आठवते आहे तोवर त्याच्याच शब्दांत नोंदवा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने बर्कली विद्यापीठासह तयार केलेल्या ‘बर्कली प्रोटोकॉल’मध्ये ही पद्धत सविस्तर दिली आहे. व्हिडिओत ओळखू येणारे लोक असतील, तर ते कुणालाही देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. हे काम या आठवड्यातच करा.

प्रश्न : गावाजवळून लष्कराचा ताफा गेला. चित्रित करून टाकू का?

उत्तर : नको. माहिती व प्रसारण मंत्रालयाची 26 एप्रिल 2025 ची सूचना वृत्तवाहिन्यांपुरती नव्हती. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांनाही लष्करी हालचाली तत्काळ न दाखवण्यास त्यात सांगितले होते.