'इंटरव्हल टायमर'मधलं इंटरव्हल: मध्यंतर की आवर्तन?

प्रश्न असा आहे: सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मराठी टिपणांत 'इंटरव्हल टायमर'ला 'मध्यंतर गणक' म्हणावं का? आणि 'गेटआयटायमर' हे टायमरची स्थिती वाचणारं फंक्शन जे दोन आकडे हाती देतं, 'आयटी_इंटरव्हल' आणि 'आयटी_व्हॅल्यू', त्यांना काय म्हणायचं?

'मध्यंतर' नकोच. नाटक थांबतं तेव्हा मध्यंतर होतं. हा टायमर ठरल्या वेळाने पुन्हा पुन्हा वाजतो. मुंबईकर हे दोन आकडे रोज बोलतात. 'दर चार मिनिटांनी गाडी आहे' यातलं 'दर' म्हणजे इंटरव्हल, आणि इंडिकेटर बघून म्हटलेलं 'अजून दोन मिनिटं' म्हणजे व्हॅल्यू. म्हणून मी पहिल्याला 'आवर्तनकाळ' आणि दुसऱ्याला 'उरलेला वेळ' म्हणेन.

व्हॅल्यूला 'मूल्य' म्हटलं की घोटाळा होतो, कारण आपण भरलेला आकडाच परत मिळेल असं वाटतं. समजा, 'सेटआयटायमर'ला, म्हणजे टायमर लावणाऱ्या फंक्शनला, व्हॅल्यू 10 सेकंद आणि इंटरव्हल 3 सेकंद दिलं. सिग्नल, म्हणजे वेळ झाल्याची प्रोग्रॅमला मिळणारी सूचना, दहाव्या सेकंदाला येईल, मग तेराव्या, सोळाव्या. चौथ्या सेकंदाला वाचलंत तर उरलेला वेळ सुमारे 6. अकराव्याला वाचलंत तर सुमारे 2. आवर्तनकाळ दोन्ही वेळा 3च. उरलेला वेळ पूर्ण शून्य दिसला तर टायमर बंद आहे. त्यामुळेच नुसतं इंटरव्हल भरून व्हॅल्यू शून्य ठेवली, तर टायमर सुरूच होत नाही. ही चूक फार सर्रास होते.

'वेळ' कुठला, हेही टिपणात लिहायलाच हवं. टायमरचे तीन प्रकार आहेत. 'आयटायमर_रिअल' घड्याळाचा वेळ मोजतो. 'व्हर्च्युअल' फक्त प्रोग्रॅमचा स्वतःचा सीपीयू वेळ (प्रोसेसर प्रत्यक्ष वापरलेला वेळ) मोजतो, 'प्रोफ' त्यात कर्नेलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) त्या प्रोग्रॅमसाठी घालवलेला वेळही धरतो. प्रोग्रॅम स्लीपमध्ये असेल तर या दोघांचे आकडे हलत नाहीत. तो बिघाड नव्हे.

छापताना एक खबरदारी घ्या. प्रत्येक आकडा सेकंद आणि मायक्रोसेकंद अशा दोन भागांत येतो. 2 सेकंद 45000 मायक्रोसेकंद नुसते टिंब देऊन जोडले, तर 2.45000 दिसतं, खरा वेळ 2.045 सेकंद असतो. मायक्रोसेकंद डावीकडे शून्यं भरून सहा अंकी छापा.

पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या मानकाच्या 2008च्या आवृत्तीने 'गेटआयटायमर' आणि 'सेटआयटायमर' ही जोडी कालबाह्य ठरवून 'टायमर_गेटटाइम' आणि 'टायमर_सेटटाइम' सुचवली आहेत. त्यांतही इंटरव्हल आणि व्हॅल्यू हीच नावं आहेत, त्यामुळे मराठी शब्द तसेच चालतील. फक्त तिथे नॅनोसेकंद असतात, म्हणून नऊ अंक छापायचे.