पॅकेट रेडिओ (रेडिओवरून संगणकाचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवणे) सुरू करायला कोणता टीएनसी (संगणक आणि रेडिओ यांच्यामधला मोडेम) घ्यावा, आणि ५ वॅटची हँडी (हातातला सेट) पुरेल का?

टीएनसी आत्ता घेऊ नका, त्याचे काम संगणकाचे साउंड कार्ड आणि डायरवुल्फ नावाचा प्रोग्राम करतात. ५ वॅट पुरतात. खरे तर उत्तर एवढेच. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिले आहे की, "व्हॉइस स्वच्छ जातो, पॅकेट मात्र समोर उमटत नाही, आमच्याकडचे जुने हॅम (हौशी रेडिओवाले) म्हणतात ५० वॅटचा मोबाइल सेट घे." यावर गप्प बसवत नाही.

पॅकेट उमटत नाही म्हणजे वॅट कमी पडतात, हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. ज्याला तुमचा आवाज खरखरीशिवाय ऐकू येतो, त्याच्यापर्यंत सिग्नल पोचतोच आहे. बिघडलेला असतो तो ऑडिओ. माणसाचा कान तुटलेला, चेपलेला आवाजही जुळवून घेतो. एएक्स.२५ या पॅकेटच्या नियमावलीतली फ्रेम, म्हणजे एक पॅकेट, तसे करत नाही. तिच्या शेवटी १६ बिटांचा एफसीएस, म्हणजे चूक पकडणारा आकडा, असतो. वाटेत एक बिट जरी उलटला तरी अख्खी फ्रेम टाकून दिली जाते आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. २५६ बाइटची फ्रेम म्हणजे दोन हजारांवर बिट, १२०० बॉडवर (सेकंदाला १२०० बिट) जवळपास पावणेदोन सेकंद. ते सगळेच्या सगळे बरोबर यायला हवेत. चेपलेला ऑडिओ ५० वॅटने पाठवला तर तो चेपलेलाच, फक्त लांबवर पोचतो.

एका स्टेशनचे उदाहरण देतो, कारण त्यात नेहमीच्या सगळ्या चुका एकाच टेबलावर होत्या. २५ वॅटचा सेट, गच्चीवर चार एलिमेंटची यागी (एका दिशेला रोखलेली अँटेना), समोरचे स्टेशन १२ किलोमीटरवर, मध्ये डोंगर नाही. व्हॉइस उत्तम. पॅकेट दहा पाठवली तर एखादे उमटायचे. सल्ला मिळाला: ॲम्प्लिफायर लाव. लावला. फरक शून्य. मग कोॲक्स (अँटेनाची केबल) बदलली. तरी तेच. समोरच्या बाजूला डायरवुल्फ चालू होते आणि जी काही फ्रेम उमटायची तिच्यावर ते ऑडिओ लेव्हल ६२, कंसात ३३ आणि १८ असे दाखवत होते. सगळे निदान त्या कंसात होते, पण तो कोणी वाचला नव्हता.

पॅकेटचे बिट दोन टोनांतून जातात. त्या कंसातला पहिला आकडा मार्क या टोनचा, म्हणजे १२०० हर्ट्झचा. दुसरा स्पेसचा, म्हणजे २२०० हर्ट्झचा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. माइकमधून टोन सोडला की सेटचे प्री-एम्फसिस २२०० ला १२०० पेक्षा सुमारे ५ डेसिबल वर उचलते, आणि ऐकणाऱ्या सेटचे डी-एम्फसिस तेवढेच खाली आणते. हिशेब बरोबर सुटतो. पण इथे साउंड कार्डचा लाइन-आउट थेट माइकच्या पिनवर जोडला होता, म्हणजे माइकच्या मानाने फार मोठा सिग्नल. मर्यादेबाहेरचे छाटणाऱ्या सेटच्या लिमिटरने दोन्ही टोन ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनला (फ्रिक्वेन्सी मधल्या जागेपासून जितकी सरकते ते) कापून सारखे केले. मग समोर डी-एम्फसिस झाल्यावर स्पेस जवळजवळ निम्मा उरला. ३३ आणि १८ हे त्याचेच गणित. डायरवुल्फ एवढ्या तिरप्या ऑडिओतूनही कधीतरी फ्रेम काढते. जुना टीएनसी तेवढेही काढत नाही. म्हणूनच म्हणतो की टीएनसी विकत घेऊन हा रोग जात नाही, उलट तो लपतो. बहुतेक हार्डवेअर टीएनसी तुम्हाला हे दोन आकडे दाखवतच नाहीत.

दुरुस्तीला दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लागला. साउंड कार्डच्या आउटपासून ४७ किलोओहम सीरिजमध्ये, तिथून २.२ किलोओहम ग्राउंडला, आणि त्या सांध्यापासून १ मायक्रोफॅरडमधून माइकच्या पिनकडे. एक व्होल्टचे सुमारे ४५ मिलिव्होल्ट होतात, माइकला तेवढेच हवे असते. कपॅसिटर हवाच, कारण माइकच्या पिनवर डीसी असतो. बऱ्याच आकृत्यांत तो ०.१ मायक्रोफॅरडचा दाखवतात. माइक इनपुट दोनेक किलोओहमचा असेल तर ०.१ ने खालचे सूर कापले जाऊ लागतात आणि १२०० चा टोन उगाच थोडा मार खातो.

आता डेव्हिएशन. "मीटर नाही, कानाने लावतो," असे कोणी म्हणाले की पुढचे ऐकू नका. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रिसीव्हर) पुरतो. सेटला डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावा, पॉवर लो ठेवा, डोंगल अँटेनाशिवाय खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, नाहीतर तो ओव्हरलोड होऊन खोटे दाखवेल. डायरवुल्फ कॅलिब्रेशन टोनच्या पर्यायासह सुरू करून फक्त स्पेसचा २२०० हर्ट्झ टोन सलग सोडा. डोंगलच्या प्रोग्राममधला स्पेक्ट्रमचा आलेख इतका झूम करा की मधली कॅरिअरची (मूळ लहरीची) रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना २२०० हर्ट्झवरच्या रेघा सुट्या दिसतील. साउंड कार्डची लेव्हल शून्यापासून हळूहळू वाढवा. बाजूच्या पहिल्या रेघा मधल्या रेघेइतक्या उंच झाल्या की थांबा. तिथे मॉड्युलेशन इंडेक्स (डेव्हिएशन भागिले टोनची फ्रिक्वेन्सी) १.४३ असतो, म्हणजे डेव्हिएशन ३.१५ किलोहर्ट्झ. १२०० बॉडसाठी ३ ते ३.५ हवे असते, झाले काम. पुढे वाढवत गेलात तर कॅरिअर पूर्ण नाहीसा होईल आणि तो "नल" पाहून खूश व्हाल, पण २२०० वर तो ५.३ किलोहर्ट्झला येतो, म्हणजे परत लिमिटरमध्ये. काही जण १२०० चा टोन सोडून नल शोधतात, तो २.९ ला येतो आणि आकडा छान वाटतो, पण प्री-एम्फसिसमुळे त्याच लेव्हलला २२०० पुन्हा ५.३ कडे गेलेला असतो. म्हणून माइकच्या वाटेने जाताना नेहमी २२०० वरच मोजा.

त्या स्टेशनवर हे झाल्यावर समोरचा कंस २६ आणि २५ दाखवू लागला. पॉवर ५ वॅटवर आणली. दहापैकी दहा.

तरीही कनेक्ट होत नव्हते, कारण पीटीटी (सेट ट्रान्समिटवर नेणारी कळ) व्हॉक्सवर, म्हणजे ऑडिओ आला की आपोआप चालू होण्यावर, होता. बीकन (उत्तराची गरज नसलेले एकतर्फी पॅकेट) जायचा, पण कनेक्टची एसएबीएम फ्रेम पाठवली की समोरून यूए (होकाराची फ्रेम) यायचा तेव्हा हा सेट अजून ट्रान्समिटवरच. व्हॉक्स ऑडिओ थांबल्यावर अर्धा सेकंद किंवा जास्तच धरून ठेवतो, आणि समोरचा पाव-अर्ध्या सेकंदात बोलू लागतो. त्याच्या उत्तराचे डोके तुम्ही ऐकलेच नाही तर उरलेल्या धडाचा उपयोग नाही. मग रीट्राय, पुन्हा रीट्राय, दहा वेळा, आणि शेवटी "पॅकेटमध्ये दम नाही". एपीआरएसच्या (स्थान आणि छोटे संदेश कळवणाऱ्या पॅकेट पद्धतीच्या) एकतर्फी बीकनला व्हॉक्स चालतो, हे मान्य. त्यापलीकडे नाही.

पीटीटीसाठी यूएसबी-सीरिअल मॉड्यूल आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशाने चालणारा स्विच) घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतात. मॉड्यूलवर आरटीएसची (सॉफ्टवेअरने चालू-बंद करायची) पिन बाहेर काढलेली आहे ना, ते दुकानातच पाहा, स्वस्त मॉड्यूलवर ती कधी नसते. टीटीएल मॉड्यूलवर आरटीएस उलटा चालतो: सॉफ्टवेअरने चालू केला की पिन शून्य व्होल्टला जाते. इथे साधा ट्रान्झिस्टर लावला तर लॅपटॉप मोकळा असताना सेट ट्रान्समिट करत बसतो. डायरवुल्फमध्ये पीटीटीच्या ओळीत आरटीएसच्या आधी उणे चिन्ह टाकून ते उलटवता येते, पण प्रोग्राम बंद असताना कोण उलटवणार? त्यापेक्षा ऑप्टोच्या एलईडीचा ॲनोड ४७० ओहममधून मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टला आणि कॅथोड आरटीएसला जोडा. मॉड्यूलचा व्होल्टेज निवडायचा जंपर ३.३ वर आणि ॲनोड ५ वर असे करू नका. आरटीएस "बंद" असतानाही १.७ व्होल्टचा फरक उरतो आणि एलईडी मिणमिणत राहते. दुसऱ्या बाजूचा कलेक्टर पीटीटीला, एमिटर ग्राउंडला. बाओफेंग यूव्ही-५आर जातीच्या हँडीचा प्लग दोन पिनांचा असतो. त्यात मोठ्या आणि छोट्या पिनेच्या स्लीव्ह एकमेकींना जोडल्या की सेट ट्रान्समिटवर जातो. कुठली बाजू धन आहे ते मल्टिमीटरने पाहून मगच ऑप्टो लावा.

त्याच हँडीच्या मेन्यूत (नंबर तिचेच): स्क्वेल्च ० (सॉफ्टवेअर स्वतः टोन ओळखते, स्क्वेल्च उघडेपर्यंत फ्रेमचे डोके उडते), ३ नंबरचा सेव्ह (बॅटरी बचत) बंद, ४ चा व्हॉक्स बंद, ५ वाइडवर, ७ चा टीडीआर (दोन चॅनल आळीपाळीने ऐकणे) बंद, ३९ चा रॉजर (शेवटची बीप) बंद. सेव्ह चालू राहिला तर रिसीव्हर डुलक्या घेत असतो आणि तुम्ही सॉफ्टवेअरला शिव्या देत बसता. आवाजाचे बटण असे ठेवा की डायरवुल्फची लेव्हल ५० च्या आसपास येईल, आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका लावा. यूएसबी साउंड कार्डचे ऑटो गेन कंट्रोल लिनक्सवर अल्सामिक्सरमध्ये जाऊन बंद करा. स्वस्त डोंगलमध्ये ते मुळातच चालू येते. विंडोज वापरत असाल तर रेडिओचे कार्ड डीफॉल्ट ठेवू नका, नाहीतर ईमेल आल्याची टिंग हवेत जाईल.

आता सॉफ्टवेअरचे आकडे. टीएक्सडिले (ट्रान्समिट सुरू झाल्यावर डेटाआधी थांबायचा वेळ) ३० म्हणजे ३०० मिलिसेकंद. हँडीला ४० ते ५० द्या, मग कमी करत जा. स्लॉटटाइम १० आणि पर्सिस्ट ६३ तसेच ठेवा: चॅनल मोकळा दिसला की दर १०० मिलिसेकंदांना चारातून एकदा बोलण्याची संधी. पर्सिस्ट २५५ करून घुसणारे शेजारी भेटतीलच. पॅकलेन (एका पॅकेटमधले बाइट) सुरुवातीला १२८, मॅक्सफ्रेम (पोच न घेता पाठवायच्या फ्रेम) १ किंवा २. ट्रान्समिट करताच पीटीटी अडकून बसत असेल तर रबरी अँटेना केबलशेजारी आहे आणि तिच्या लहरी केबलमध्ये शिरतात. अँटेना दोन मीटर लांब न्या आणि केबलचे पाच-सहा वेढे फेराइटमधून घ्या.

कोणाशी बोलायचे, हा खरा प्रश्न. गावात दुसरे पॅकेट स्टेशन नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून पहिले पॅकेट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे ऐका: १४५.८२५ मेगाहर्ट्झ, १२०० बॉड, वर-खाली एकच फ्रिक्वेन्सी. २०१९च्या एप्रिलमध्ये पीएसएलव्ही सी४५ रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर ॲमसॅट इंडियाचा एपीआरएस डिजिपीटर (पॅकेट ऐकून पुन्हा सोडणारे यंत्र) होता, तोही इथेच. स्थानकाचा पास (डोक्यावरून एक फेरी) जास्तीत जास्त दहा-अकरा मिनिटांचा. क्षितिजापासून ३० अंशांच्या वर जाणारा निवडा. डॉप्लर (स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकणे) साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास, वाइड एफएमवर काही फिरवावे लागत नाही. पाथमध्ये (पॅकेट कोणामार्फत जावे त्या जागी) एआरआयएसएस लिहा, तीन एलिमेंटची हातातली यागी धरा, ५ वॅटने तीन-चार पॅकेट सोडा, तुमचेच कॉलसाइन (परवान्यातली ओळख) वरून परत उमटते का पाहा. आपोआप दर मिनिटाला बीकन सोडून चहा प्यायला जाऊ नका, संपूर्ण उपखंड त्या एका चॅनलवर असतो. कधी वरचा रेडिओ दुसऱ्या मोडमध्ये किंवा बंदही असतो. त्या दिवशी सोल्डरिंग उकलायला घेऊ नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सारे एफएमवरचे एएफएसके (टोन बदलून डेटा पाठवणे) आहे, परवान्याच्या भाषेत एफ२डी. तुमच्या परवान्यातल्या उत्सर्जनाच्या प्रकारांत ते आहे का ते ट्रान्समिट करण्याआधी पाहा. संदेश सांकेतिक करायचा नाही. एएक्स.२५ मध्ये कॉलसाइनला सहाच अक्षरांची जागा असते. व्हीयू२ किंवा व्हीयू३ आणि पुढची तीन अक्षरे नेमकी बसतात, त्याहून लांब कॉलसाइन बसत नाही. आणि ९६०० बॉडला वरचे माइकवाले काहीच लागू नाही. तिथे मागे सहा पिनांचा डेटा पोर्ट असलेला सेटच लागतो: १ नंबरवर डेटा आत, २ ग्राउंड, ३ पीटीटी, ४ वर ९६०० चा ऑडिओ, ५ वर १२०० चा. १२०० साठी त्या १ नंबरला ४० मिलिव्होल्ट, ९६०० साठी २ व्होल्ट. मोबाइल सेट घ्यायचाच असेल तर या पोर्टसाठी घ्या, वॅटसाठी नको.

त्या ५० वॅटवाल्यांना मात्र एकदा त्यांच्या सेटवर २२०० चा टोन सोडून डोंगलवर दाखवायला सांगा.